बाहेरचा समुद्र

रोमन लोक भूमध्य समुद्राला ‘आमचा समुद्र’ असे म्हणत. तसे म्हणण्याचा त्यांना अधिकारही होता, कारण इ. स. च्या पहिल्या शतकात या समुद्राचा सगळा किनारा त्यांच्या सत्तेखाली आलेला होता. तीन खंडांनी वेढलेला हा समुद्र एखाद्या विस्तीर्ण तलावासारखा आहे. त्याला भरती येते आणि ओहोटीही लागते. परंतु बहुतेक किनाऱ्यांवर पाणी हातभरसुद्धा चढत नाही. सकाळी धक्क्याला बांधलेले गलबत संध्याकाळी तेथेच, तेवढ्याच पाण्यात डुलत असते. अशा समुद्रावर रोमन खलाशी लहानाचे मोठे होत.

या समुद्राच्या पश्चिम टोकाशी जिब्राल्टरची सामुद्रधुनी आहे. ती एके ठिकाणी अवघी चौदा किलोमीटर रुंद आहे. त्या चिंचोळ्या दारातून बाहेर पडले, की अटलांटिक महासागर लागतो. रोमन लोक त्याला ‘बाहेरचा समुद्र’ म्हणत. या समुद्राची रीतच वेगळी. दिवसातून दोनदा त्याचे पाणी दोन-दोन पुरुष उंच चढते आणि दोनदा उतरते. खाडीत नांगरलेले गलबत सकाळी पाण्यावर तरंगत असते, तर दुपारी चिखलात कलंडून पडलेले असते. कोकणातल्या कोळ्याच्या मुलाला यात काहीच नवल वाटणार नाही. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हे त्याला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. परंतु अर्धे जग जिंकणाऱ्या रोमन सैन्याला ते ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाची त्याला चांगलीच किंमत मोजावी लागली.

सामुद्रधुनीच्या बाहेर, स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागून, गादेस नावाचे बंदर होते. आज त्याला कादिझ म्हणतात. रोमन लोक तेथे येण्यापूर्वी कित्येक शतके, दूर पूर्वेकडील टायर या नगरातून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी ते वसविले होते. त्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘गादीर’, म्हणजे तटबंदीची जागा. त्या काळी हे गाव एका लहान बेटावर होते. शेतीला जागा नव्हती, गुरांना पुरेसे रान नव्हते. होता तो केवळ समुद्र. इ. स. पू. २०६ मध्ये रोम आणि कार्थेज यांच्या युद्धात गादेसने रोमची बाजू घेतली आणि तेव्हापासून ते रोमच्या छत्राखाली आले.

स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने गादेसच्या लोकांचे मोठे कौतुक केले आहे. तो म्हणतो, की सर्वांत अधिक आणि सर्वांत मोठी व्यापारी गलबते हेच लोक समुद्रावर सोडतात. आतल्या समुद्रात आणि बाहेरच्या समुद्रातही. त्यांतले थोडेच लोक घरी राहतात. बहुतेकांचे आयुष्य पाण्यावरच जाते. एका शिरगणतीत गादेसमध्ये रोमन सरदारवर्गाचे पाचशे धनिक निघाले. इटलीतही पाडुआ हे एक नगर सोडले, तर दुसऱ्या कोठे इतके धनिक सापडत नव्हते. ज्या बेटावर धान्याचे पीक पुरेसे येत नव्हते, तेथे एवढी संपत्ती आली कोठून?

या प्रश्नाचे एक उत्तर कथील या धातूत आहे. तांब्यात कथील मिसळले, की कासे तयार होते. कथील मात्र फार थोड्या ठिकाणी सापडते. स्पेनचा वायव्य कोपरा आणि ब्रिटनचा नैर्ऋत्य कोपरा या दोन्ही ठिकाणी त्याच्या खाणी होत्या, आणि दोन्ही अटलांटिकच्या तोंडावर. तेथे जाण्याचा सागरी मार्ग गादेसच्या फिनिशियन नाखव्यांना माहीत होता. तो त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणाला कळू दिला नव्हता.

स्ट्रॅबोने या संदर्भात एक गोष्ट सांगितली आहे. कथिलाच्या बेटांकडे निघालेल्या एका गलबताच्या मागे रोमन गलबते लागली. पुढचा जाईल तिकडे जावयाचे आणि त्याची वाट शिकून घ्यावयाची, असा त्यांचा बेत होता. पुढच्या नाखव्याच्या हे ध्यानात आले. परत फिरावे तरी संशय, पुढे जावे तरी मार्ग उघड होणार! त्याने एकाएकी सुकाणू फिरविले आणि आपले गलबत जाणूनबुजून उथळ पाण्यातील वाळूच्या दांड्यावर घातले. मागची रोमन गलबतेही त्याच्या पाठोपाठ येऊन त्याच वाळूत रुतली आणि नष्ट झाली. नाखवा एका फळकुटाच्या आधाराने वाचला. गावी परतल्यावर त्याच्या बुडालेल्या मालाची सगळी किंमत सरकारी खजिन्यातून त्याला भरून देण्यात आली. पुढे बऱ्याच प्रयत्नांनंतर रोमन लोकांनी ती वाट शोधून काढलीच. तथापि उथळ पाणी कोठे आहे, हे पुढच्याला ठाऊक होते आणि मागच्यांना नव्हते, हीच या गोष्टीतली खरी मेख आहे.

गादेसच्या कोळ्यांविषयीची दुसरी एक कथा आपल्या देशाशी निगडित आहे. इ. स. पू. ११८ च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर एक भारतीय खलाशी अर्धमेल्या स्थितीत सापडला. त्याचे सोबती उपासमारीने मेले होते. इजिप्तच्या राजाने त्याला ग्रीक भाषा शिकविली, आणि त्याने भारताचा सागरी मार्ग दाखविण्याचे मान्य केले. त्या सफरीत युडॉक्सस नावाचा एक ग्रीक गृहस्थ होता. तो भारतातून सुगंधी द्रव्ये आणि रत्ने घेऊन आला. ती सगळी राजाने काढून घेतली. दुसऱ्यांदा भारतातून परतताना वाऱ्याने त्याचे गलबत भरकटून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागले. तेथे त्याला एका फुटक्या होडीची नाळ सापडली. तिच्यावर घोड्याचे चित्र कोरलेले होते. त्याने ती नाळ इजिप्तच्या बंदरात नेऊन नाखव्यांना दाखविली. ते म्हणाले, “ही तर गादेसची! तेथले श्रीमंत मोठी गलबते बाळगतात आणि गरिबांच्या लहान होड्यांना ‘घोडे’ म्हणतात. कारण त्यांच्या नाळेवर घोडा कोरलेला असतो.”

युडॉक्ससने मनाशी हिशेब मांडला. पश्चिम किनाऱ्यावरची होडी पूर्व किनाऱ्याला लागते, त्या अर्थी आफ्रिकेला वळसा घालून जाता येत असले पाहिजे. तसे असेल, तर कोणत्याही राजाच्या हाती न लागता थेट भारत गाठता येईल. तो गादेसला गेला. त्याने एक मोठे गलबत आणि दोन हलकी तारवे बांधविली, वैद्य आणि कारागीर बरोबर घेतले, आणि तो भारताच्या दिशेने निघाला. पहिल्या खेपेला त्याचे गलबत वाळूत रुतले. दुसऱ्या खेपेला त्याने वाटेत पेरणी करता यावी म्हणून बियाणे आणि शेतीची अवजारेही घेतली. त्यानंतर त्याचे काय झाले, हे कथा सांगत नाही. स्ट्रॅबोचा या कथेवर मुळीच विश्वास नाही. इतके योगायोग एकाच माणसाच्या वाट्याला कसे येतात, असे तो विचारतो. आणि त्याचे विचारणे रास्त आहे. परंतु गादेसचे गरीब कोळी आपले लाकडी ‘घोडे’ घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याने दूर दक्षिणेपर्यंत मासेमारीला जात, एवढा भाग कोणालाही पटावा असा आहे.

युडॉक्ससची ही कथा ज्याने प्रथम लिहून ठेवली, तो पोसिडोनियस हा मोठा जिज्ञासू ग्रीक विद्वान होता. इ. स. पू. १०० च्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांत तो मुद्दाम गादेसला गेला. महासागराच्या काठी सूर्य मावळताना फार मोठा दिसतो आणि तापलेले लोखंड पाण्यात बुडवावे तसा चर्र असा आवाज होतो, अशी तेव्हा समजूत होती. पोसिडोनियसने तीस दिवस गादेसमध्ये राहून सूर्यास्त पाहिले. आवाज झाला नाही. तेव्हा ही गोष्ट खोटी आहे, असे त्याने स्पष्ट लिहून टाकले.

त्याचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. गादेसजवळ हर्क्युलिस देवाचे एक प्राचीन मंदिर होते. त्याच्या आवारातील विहीर समुद्राच्या उलट वागते, भरती आली की आटते आणि ओहोटी लागली की भरते, असे लोक सांगत. पॉलिबियससारख्या थोर इतिहासकारानेही ते खरे मानले होते. पोसिडोनियसने चौकशी केली. ती विहीर लहान होती. लोकांनी सतत पाणी उपसले, की ती तासाभरात आटे. उपसणे थांबले, की पुन्हा भरे. ती भरण्याची वेळ आणि ओहोटीची वेळ पुष्कळदा एकच येई; म्हणून लोकांनी दोहोंचा संबंध जोडला, एवढेच. याच मुक्कामात त्याने भरतीचा आणि चंद्राचा संबंध बारकाईने तपासला. चंद्र क्षितिजावर वर येऊ लागला की पाणी चढू लागते, आणि अमावास्या व पौर्णिमा या दिवसांत ते सर्वांत अधिक चढते, हे त्याने ग्रंथात नमूद केले. गादेसच्या लोकांना यातले बरेचसे आधीच ठाऊक होते. त्यांचे म्हणणेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

एवढे झाल्यावर रोमन लोकांनी तरी ते लक्षात ठेवावयास हवे होते. पण ज्ञान ग्रंथात असणे निराळे आणि वेळेवर कामी येणे निराळे. ज्यूलियस सीझर हा तर गादेसला दोनदा राहून आलेला होता. इ. स. पू. ६१ मध्ये स्पेनचा सुभेदार असताना त्याने गादेसहूनच गलबते मागवून घेतली आणि त्या गलबतांतून तो वायव्य टोकावरील ब्रिगँटियम या ठिकाणापर्यंत गेला. गादेसचा बाल्बस नावाचा श्रीमान पुरुष त्याचा जिवलग सल्लागार होता. असे असूनही पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

इ. स. पू. ५६ मध्ये सीझरचे आजच्या फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील व्हेनेती या लोकांशी युद्ध जुंपले. व्हेनेती हे त्या किनाऱ्यावरील सर्वांत बलाढ्य दर्यावर्दी. ब्रिटनशी चालणारा व्यापार त्यांच्याच हाती होता. त्यांची गावे समुद्रात घुसलेल्या भूशिरांवर असत. भरतीच्या वेळी सैन्याला जमिनीवरून तेथे जाता येत नसे. ओहोटीच्या वेळी शत्रूची जहाजे उघड्या खडकांवर आपटत. त्यांच्या गलबतांचे सीझरने स्वतः वर्णन केले आहे. ती ओक वृक्षाच्या जाड लाकडाची असत. त्यांचा तळ सपाट असल्यामुळे पाणी ओसरले तरी ती चिखलावर सुखाने टेकत. नाळ आणि मागची बाजू मोठ्या लाटांसाठी उंच केलेली असे. आडव्या तुळया फूटभर रुंद आणि अंगठ्याएवढ्या जाड खिळ्यांनी जोडलेल्या. नांगराला दोराऐवजी लोखंडी साखळी, आणि शिडे कापडाची नव्हेत, तर पातळ कमावलेल्या चामड्याची. रोमन जहाजांनी धडक दिली, तरी त्यांना काहीच होत नसे.

शेवटी रोमनांनी एक युक्ती योजिली. लांब काठ्यांना धारदार विळे बांधून त्यांनी शत्रूच्या शिडांचे दोर ओढून कापले. शिडे कोसळली, वल्ही व्हेनेतींपाशी नव्हतीच. उरलेली गलबते पळू लागली, तोच वारा पडला आणि ती जागच्या जागी खिळली. सकाळी सुरू झालेली लढाई सूर्यास्ताला संपली. त्यानंतर सीझरने त्या लोकांच्या सगळ्या पंचांना ठार मारविले आणि बाकीच्यांना गुलाम म्हणून विकले. त्याने हे वाक्य अगदी सहजपणे लिहिले आहे. तो किनारा, त्या खाड्या आणि ते पाणी ज्यांना तळहाताच्या रेषांप्रमाणे ठाऊक होते, ती माणसे अशा रीतीने बाजारात उभी राहिली.

पुढच्याच वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५५ मध्ये, सीझर ब्रिटनवर चालून गेला. ऑगस्टच्या अखेरीची ती पौर्णिमेची रात्र होती. त्याने लढाऊ नौका ओढून वाळूवर घेतल्या होत्या आणि सामानाची गलबते किनाऱ्याजवळ नांगरली होती. रात्री वादळ झाले आणि त्याच वेळी उधाणाची भरती आली. वाळूवरच्या नौकांत पाणी भरले; नांगरलेली गलबते एकमेकांवर आदळून फुटली. बारा गलबते कायमची गेली आणि बाकीची परतीच्या प्रवासाला निरुपयोगी झाली. परक्या देशात, धान्याचा साठा जवळ नसताना, सगळे सैन्य अडकून पडले. पौर्णिमेला महासागराची भरती सर्वांत मोठी असते, ही गोष्ट आमच्या लोकांना माहीत नव्हती, असे सीझरनेच लिहून ठेवले आहे. पोसिडोनियस तेव्हा हयात होता. गादेसचा कोणताही कोळी, किंवा वर्षापूर्वी विकलेला कोणताही व्हेनेती गुलाम, ती गोष्ट त्याला सांगू शकला असता.

पुढे मात्र चित्र पालटले. लढायांचे दिवस मागे पडले आणि व्यापाराचे आले. गादेसच्या लोकांना इ. स. पू. ४९ मध्ये रोमचे नागरिकत्व मिळाले होते; त्यांची जुनी विद्या आता साऱ्या साम्राज्याच्या कामी येऊ लागली.

गादेसच्या उत्तरेला एक मोठी नदी महासागराला मिळते. तिचे तेव्हाचे नाव बेटिस, आजचे ग्वादाल्किव्हिर. भरतीचे पाणी या नदीत कित्येक कोस आत शिरते. मोठी गलबते त्या पाण्याबरोबर सेव्हिलपर्यंत जात, त्यापुढे लहान तारवे आणि कॉर्डोबापर्यंत नदीतील होड्या. वल्ही मारण्याचे श्रम समुद्रच वाचवी. स्ट्रॅबोने या खाड्यांतील गाईंचीही एक मजेदार हकीकत दिली आहे. खाडीतील बेटांवर चरावयास गेलेल्या गुरांना एकाएकी भरती गाठी. परत येण्याच्या धडपडीत कित्येक बुडून मरत. पण तेथल्या गाई सवयीने शहाण्या झाल्या होत्या. पाणी चढू लागले, की त्या जागीच उभ्या राहात आणि ओहोटी लागल्यावर सावकाश घरी येत. सीझरच्या सेनापतींना जे साधले नाही, ते त्या गाईंना साधले होते, असे म्हणण्यास हरकत नाही!

या नदीच्या दोन्ही काठांवर ऑलिव्हच्या झाडांचे मळेच्या मळे होते. रोमन लोकांच्या घरात ऑलिव्हचे तेल स्वयंपाकाला लागे, दिव्याला लागे आणि स्नानापूर्वी अंगाला चोळण्यासाठीही लागे. ते मातीच्या मोठ्या, वाटोळ्या, दोन कानांच्या कुंभांत भरून पाठवीत. रिकामा कुंभ सुमारे ३० किलोचा. त्यात सुमारे ७० लिटर तेल मावे. कुंभ नदीकाठीच भाजले जात आणि भरून तेथूनच गलबतांवर चढत. वारा अनुकूल असेल, तर गादेसहून निघालेले गलबत सातव्या दिवशी रोमच्या बंदराला लागे, असे प्लिनीने लिहिले आहे. याच प्रकारच्या कुंभांची खापरे उत्तरेला ब्रिटनमधील रोमन छावण्यांतही सापडतात. थंडी-धुक्यात पहारा करणाऱ्या शिपायाच्या ताटात स्पेनचे तेल असे.

रोममध्ये पोहोचलेल्या कुंभांची कथा तर अद्‌भुतच आहे. तेल मातीत मुरून तिला खवट वास येई. म्हणून रिकामा कुंभ पुन्हा उपयोगी पडत नसे. तो फोडून खापरे एका ठरावीक जागी रचून ठेवीत आणि वास मारण्यासाठी वर चुना टाकीत. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्या खापरांची एक टेकडीच झाली. टायबर नदीच्या काठी ती आजही उभी आहे. तिचे नाव मोन्ते तेस्ताच्चो, म्हणजे खापरांची टेकडी. उंची सुमारे ३५ मीटर. तिच्यात पाच कोटींहून अधिक कुंभांची खापरे असावीत, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य बेटिसच्या काठचे आहेत.

या टेकडीवर शेकडो वर्षे गुरे चरली आणि मुले खेळली. इ. स. १८७२ मध्ये हाइनरिख ड्रेसेल या जर्मन विद्वानाने तिच्यातील खापरांचा अभ्यास आरंभिला. शाईने लिहिलेली अक्षरे त्याला खापरांवर दिसली. रिकाम्या कुंभाचे वजन, आतील तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, तपासणी करणाऱ्याची नोंद आणि त्या वर्षीच्या रोमन अधिकाऱ्यांची नावे, म्हणजे वर्षसुद्धा! कानांवर कुंभारवाड्याचा शिक्का वेगळाच. रोमचे सम्राट संगमरवरावर आपली नावे कोरून घेत. तेलाच्या कारकुनाने मात्र आपले अक्षर टिकावे म्हणून लिहिले नव्हते. हिशेब चुकू नये म्हणून लिहिले होते. आज व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याचाच आधार घ्यावा लागतो.

तेलाखालोखाल मासळी. दरवर्षी वसंत ऋतूत ट्यूना नावाचे मोठे मासे महासागरातून सामुद्रधुनीत शिरतात. त्यांना जाळ्यांत पकडून, त्यांचे तुकडे मीठ घालून दगडी हौदांत मुरत ठेवीत. आतडी आणि लहान मासळी मिठात घालून महिनोन्‌महिने उन्हात ठेवली, की त्यांपासून ‘गारुम’ नावाचा तिखट वासाचा रस निघे. श्रीमंतांच्या पक्वान्नात त्याचा थेंब हवाच असे. मात्र तो तयार होत असताना जवळून जाणे जिवावर येई. सामुद्रधुनीवरील बेलो क्लॉडिया या गावी आणि लिस्बनच्या दक्षिणेस ट्रोइया येथे असे हौद रांगेने दिसतात. ट्रोइया येथील मासळी खारविण्याचा कारखाना रोमन जगातील सर्वांत मोठा समजला जातो. तेथे हौद मोठे आहेत. त्यावरून गावाचा जीव कशात होता ते दिसून येते.

व्यापार उत्तरेकडे वाढला, तसे किनाऱ्यावर दिव्यांचे मनोरे उभे राहिले. सम्राट कॅलिग्युला याने इ. स. ४० मध्ये आजच्या बुलोन्य येथे ब्रिटनच्या समोर एक मनोरा बांधविला. हाच सम्राट सैन्य घेऊन किनाऱ्यावर गेला आणि समुद्रावर विजय मिळाला म्हणून त्याने शिपायांना शिंपले गोळा करावयास लावले, अशी कथा आहे. शिंपल्यांचे काय झाले असेल ते असो. मनोरा मात्र १६०० वर्षे टिकला आणि १६४४ मध्ये कोसळला.

त्याहून भाग्यवान ठरला तो ब्रिगँटियमचा मनोरा. सीझर गादेसच्या गलबतांतून जेथवर आला होता, ते हे ठिकाण. आजचे ला कोरुन्या. स्पेनचा हा कोपरा खडकाळ, धुकट आणि वादळी आहे. दक्षिणेकडून आलेले गलबत येथे पूर्वेकडे वळते. हे वळण चुकले, तर पुढे मोकळा महासागर. म्हणून पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी येथे दगडी मनोरा उभारण्यात आला. त्याच्या बाहेरून वर जाणारी चढण होती. माथ्यावर अग्नी पेटत असे. मनोऱ्याच्या पायथ्याशी खडकावर एक लेख कोरलेला आहे. त्यात गायस सेव्हियस लुपस या स्थपतीचे नाव आहे. तो एमिनियमचा, म्हणजे पोर्तुगालमधील आजच्या कोइंब्राचा राहणारा होता. त्याने नवस फेडण्यासाठी मार्स देवाला काही अर्पण केले. नवस कशाचा होता, हे लेखात नाही. काम तडीस जावे, याशिवाय आणखी कशाचा असणार?

अशा दिव्यांच्या आधाराने ये-जा करणारे एक गलबत १९८२ मध्ये गर्नझी बेटाच्या बंदराच्या तोंडाशी, पाण्याखाली सापडले. इ. स. २८० च्या सुमारास त्याला आग लागून ते बुडाले होते. त्यात दक्षिण फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील पाइन वृक्षांची राळ भरलेली होती. आगीत राळ वितळली, तळाच्या लाकडावर पसरली आणि थंड होऊन घट्ट बसली. जिने गलबत जाळले, तिनेच त्याचे लाकूड सतराशे वर्षे जपून ठेवले. ते वर काढल्यावर त्याची बांधणी नीट पाहता आली. भूमध्य समुद्रावरील कारागीर प्रथम फळ्या एकमेकींना खाचा आणि खुंट्यांनी जोडून गलबताचे अंग तयार करीत आणि मग आत फासळ्या बसवीत. गर्नझीचे गलबत तसे नव्हते. त्याच्या ओकच्या भक्कम फासळ्यांवर ओकच्याच फळ्या जाड लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. सीझरने ज्यांना बाजारात विकले, त्या व्हेनेतींच्या गलबतांचीच ही आठवण. तीन शतके रोमचे राज्य असूनही त्या किनाऱ्यावरचे सुतार आपल्या समुद्राला मानवेल तशीच गलबते बांधीत राहिले होते.

ब्रिगँटियमच्या मनोऱ्याचे दगड पुढे लोकांनी घरे बांधण्यासाठी काढून नेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८८ ते १७९१ या काळात, एउस्ताकियो जिआनिनी या अभियंत्याने त्याला बाहेरून नवे दगडी आवरण चढविले. जुन्या चढणीची खूण राहावी, म्हणून त्याने नव्या भिंतीवर तिरकस पट्टा ठेवला. २००९ मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आता तिची उंची सुमारे ५५ मीटर आहे. आतला सुमारे ३४ मीटरांचा गाभा लुपसच्या वेळचाच आहे. संध्याकाळ झाली, की माथ्यावरचा दिवा लागतो, आणि अंधारात ला कोरुन्याच्या बंदरात येणारी जहाजे तो पाहून वळतात.